काळजीपोटी काढून घेतलेलं काम

पुण्यात मुलीला 'तू इंजिनिअर होऊ नकोस' असं तोंडावर कुणी म्हणत नाही. माझ्या पिढीतही म्हटलं नाही. १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा चालवणाऱ्या सावित्रीबाईंचं हे शहर. हुजूरपागा ही मुलींची जुनी शाळा इथली, कर्व्यांची हिंगण्याची संस्था इथली, आणि त्याच संस्थेनं १९९१ मध्ये कर्वेनगरला फक्त मुलींसाठी इंजिनिअरिंग कॉलेज काढलं तेही इथंच. दहावीला गणितात चांगले मार्क पडले की मुलीचा सायन्सचा फॉर्म घरचेच भरतात, बाबा क्लासला सोडायला जातात, आजी पेपरच्या दिवशी हातावर दही ठेवते. मुलगी फर्स्ट क्लासमध्ये पास होते, कॅम्पसमधून नोकरी लागते, पेढे वाटले जातात. इथपर्यंत सगळं खरं आहे आणि मनापासून आहे. अडवायची पाळी त्यानंतर येते, आणि तेव्हाही तिला कुणी 'नाही' म्हणत नाही. तिची काळजी घेतली जाते.

या काळजीबद्दल मला बरीच वर्षं लिहायचं होतं.

मी मेकॅनिकलची. नोकरीचा मोठा काळ भोसरी एमआयडीसीत गेला. आधी मशीन शॉप, मग टेस्ट रिग, म्हणजे यंत्रांचे भाग तपासायची यंत्रणा, बनवणाऱ्या एका कंपनीत डिझाइन. तिथं मी हायड्रॉलिक पंपाच्या हाउसिंगसाठी एक टेस्ट बेंच केला होता. कागदावरच्या पहिल्या रेषेपासून माझा. व्हॉल्व्ह कुठला, पाइपचा वाक कुठं, ओ-रिंगची खाच किती खोल, सगळं मी ठरवलेलं. बेंच उत्तराखंडातल्या रुद्रपूरच्या गिऱ्हाइकाकडे उभा करायचा होता. माझं तिकीट निघणार असं मी धरून चालले होते. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमची मुलगी लहान आहे. रात्रीचा प्रवास, तिकडची थंडी, हॉटेलं कशी असतील सांगता येत नाही. तुम्ही कशाला त्रास घेता? मी माझ्या बहिणीला पाठवलं नसतं, तुम्हाला कसा पाठवू?" आणि माझ्या हाताखाली नुकताच लागलेला एक मुलगा रुद्रपूरला गेला.

हे साहेब वाईट नव्हते, हे मला आवर्जून सांगायचंय. उशीर झाला की बायकांना घरापर्यंत कंपनीची गाडी सोडेल, हा नियम त्यांनीच मॅनेजमेंटशी भांडून करून घेतला होता. माझ्या बाळंतपणात त्यांच्या घरून डिंकाचे लाडू आले होते. त्यांच्या शब्दांत कसलाही तिरकसपणा नव्हता, आणि म्हणूनच मला उत्तर सुचलं नाही. अपमान केला असता तर भांडले असते. बहीण म्हणणाऱ्या माणसाशी काय भांडणार?

तिसऱ्या रात्री त्या मुलाचा फोन आला. प्रेशर धरत नव्हतं, गिऱ्हाइकाची माणसं भोवती उभी होती, त्याचा आवाज रडवेला झाला होता. मी गॅलरीत जाऊन विचारलं, "गेजची सुई हळूहळू खाली येतेय की थरथरतेय?" तो म्हणाला, "थरथरतेय." "मग गळती नाहीये, लाइनमध्ये हवा आहे. सगळ्यात वरचा ब्लीड प्लग थोडा ढिला कर. आधी फेसाळ तेल येईल. फेस जाऊन सलग धार लागली की प्लग आवळ आणि पंप पुन्हा चालू कर." थोड्या वेळानं पुन्हा फोन आला. सुई स्थिर झाली होती. पलीकडे कुणीतरी टाळ्या वाजवल्याचं मला फोनवर ऐकू आलं.

व्हिजिट रिपोर्टवर त्याचं नाव होतं. त्यात त्याची काही लबाडी नव्हती, रिपोर्टवर साइटला गेलेल्याचंच नाव असतं. गिऱ्हाइकाची पुढची चौकशी आली ती 'त्याच इंजिनिअरला पाठवा' म्हणून. तो गेला, शिकला, मोठा झाला. चांगला इंजिनिअर आहे तो. आणि माझ्या त्या वर्षीच्या अप्रेजलमध्ये एक ओळ होती: फील्ड एक्सपोजर कमी.

ती ओळ वाचल्यावर मला सगळी साखळी दिसली. काळजीनं काम काढून घेतलं, काम गेल्यामुळे अनुभव गेला, आणि अनुभव नाही हा माझा दोष म्हणून कागदावर आला. कागदावर काळजीचा कुठं उल्लेख नव्हता.

पुढे २०१२ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेल्या एका प्रयोगाबद्दल वाचलं, तेव्हा हा केवळ माझ्या केबिनमधला प्रकार नाही हे कळलं. त्यांनी विज्ञान शाखांतल्या १२७ प्राध्यापकांना लॅब मॅनेजरच्या जागेसाठी आलेला एक अर्ज दाखवला. अर्ज शब्दन् शब्द तोच, फक्त निम्म्यांच्या कागदावर नाव जॉन आणि निम्म्यांच्या कागदावर जेनिफर. जॉन जास्त सक्षम ठरला. त्याला वर्षाला सरासरी ३०,२३८ डॉलर द्यावेत असं प्राध्यापकांनी सुचवलं आणि जेनिफरला २६,५०८. असं ठरवण्यात बाई प्राध्यापक आणि पुरुष प्राध्यापक यांच्यात फरक नव्हता. एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. त्या निबंधातली दुसरी नोंद फारशी सांगितली जात नाही: माणूस म्हणून जेनिफर त्यांना जॉनपेक्षा जास्त आवडली होती. ती आवडते आणि तरीही तिला कमी लेखलं जातं. माझ्या साहेबांना मी आवडत होते. लाडू आले होते.

आपल्याकडे या विषयावर बोलायचं झालं की कमला सोहोनींची गोष्ट सांगतात, आणि ती सांगायलाच हवी. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी.ला पहिली आलेली. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये तिनं अर्ज केला. वडील आणि काका दोघंही त्याच संस्थेत शिकलेले, तेव्हा प्रवेश मिळणारच असं घरात सगळे धरून होते. संचालक होते सी. व्ही. रामन, नोबेल मिळालेले. त्यांनी मुलगी म्हणून अर्ज नाकारला. कमलाबाई थेट त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, कारण विचारलं, आणि हलल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला तो अटी घालून: पहिलं वर्ष परीक्षेचं, नियमित विद्यार्थिनी म्हणून नाव नाही, आणि तिच्या असण्यानं पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये. ते वर्ष त्यांनी काढलं, रामन यांचं समाधान झालं, आणि त्यानंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३९ मध्ये केंब्रिजमधून त्यांनी पीएच.डी. मिळवली. पेशीला ऊर्जा मिळवून देण्यात भाग घेणारं सायटोक्रोम सी हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींमध्येही असतं हे त्यांनी दाखवून दिलं.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला आपण विज्ञान दिन करतो तो रामन यांच्या शोधाचा दिवस म्हणून. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या आवारात त्या सुमारास जत्रेसारखी गर्दी असते. जुन्नर, आंबेगावकडच्या शाळा एसटी भरभरून येतात. ४५ मीटर व्यासाच्या त्या अवाढव्य तबकड्यांखाली मुली मान वर करून उभ्या राहतात. त्यांना रामन परिणाम सांगावाच, तो मोठाच शोध आहे. त्याच दमात कमलाबाईंचीही गोष्ट सांगावी. एका मोठ्या शास्त्रज्ञाकडून हेही झालं होतं हे कळल्यानं त्याच्या प्रकाशाच्या शोधाला काही बाधा येत नाही.

पण एक गोष्ट मला या कथांबद्दल सतत वाटत आली आहे. कमलाबाईंना मिळालेला नकार उघड होता. १९७४ साली टेल्कोची, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सची, जाहिरातही उघड होती: स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नये. सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहून त्याचा जाब विचारला, त्यांना पुण्याला मुलाखतीला बोलावणं आलं आणि नोकरीही मिळाली. उघड नकारासमोर ठाण मांडता येतं, त्याविरुद्ध पत्र लिहिता येतं. आता तशी जाहिरात कुणी देणार नाही. आता रुद्रपूरचं तिकीट दुसऱ्याच्या नावानं निघतं. त्याबद्दल पोस्टकार्ड कुणाला लिहायचं आणि त्यात काय लिहायचं?

काळजी कायद्यातही लिहिलेली होती. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या ६६ व्या कलमानं कारखान्यात बायकांचं काम सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेत बांधून ठेवलं. गिरण्यांमध्ये बायकांची जी पिळवणूक होत होती ती पाहता त्या काळी त्याला कारण होतं, मी ते नाकारत नाही. पण तीन पाळ्यांच्या शॉपमध्ये रात्रपाळी न करणारी व्यक्ती शिफ्ट इन्चार्ज होत नाही, आणि शिफ्ट न सांभाळलेल्या माणसाला प्रॉडक्शन मॅनेजर कोण करणार? महाराष्ट्रानं २०१५ च्या दुरुस्तीनं सुरक्षिततेच्या अटींसह रात्रपाळीची वाट मोकळी केली. तोवर कित्येक जणींची बढतीची वयं उलटून गेली होती.

देशाचे आकडे पाहिले तर विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित या विषयांच्या पदवीधरांमध्ये मुली सुमारे ४३ टक्के आहेत. संशोधन-विकासाच्या प्रत्यक्ष कामात २०१८ साली स्त्रिया होत्या १६.६ टक्के. मधल्या बाकीच्या कुठे गेल्या असं विचारलं की उत्तर तयार असतं: घर, लग्न, मुलं. हे उत्तर सगळ्यांना सोयीचं आहे, कारण त्यात संस्थेकडे काहीच बोट जात नाही.

इथं मला रोहिणीताई गोडबोले आठवतात. आपल्या पुण्याच्या. हुजूरपागेत शिकल्या, मग एस.पी. कॉलेज, आयआयटी मुंबई, आणि पुढे बंगळुरूत कणभौतिकीतलं मोठं काम. २०१९ मध्ये पद्मश्री, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्या गेल्या. भौतिकीइतक्याच जिद्दीनं त्या हा प्रश्न मांडत राहिल्या. विज्ञानात पीएच.डी. केलेल्या शेकडो स्त्रियांना प्रश्न विचारून २०१० मध्ये एक अहवाल प्रसिद्ध झाला, त्याच्या लेखिकांमध्ये त्या होत्या. संशोधन सोडलेल्या स्त्रियांना त्यात कारण विचारलं होतं. 'घर' हे उत्तर सगळ्यात वर येईल अशी कुणाचीही अपेक्षा असते. तसं झालं नाही. बहुतेकींचं म्हणणं होतं की हवं तसं काम, हवी तशी नोकरी मिळालीच नाही. शिकून बसलेल्या बाईला दार उघडलं गेलं नाही, आणि बाहेर सांगितलं गेलं की ती घरात रमली.

मुलाखतींमध्ये हे दार कसं बंद होतं ते पुण्यातल्या कुठल्याही विज्ञान शिकलेल्या बाईला विचारा. 'मिस्टर कुठे असतात?' 'त्यांची बदली झाली तर?' 'घरी सासूबाई आहेत का, मुलांकडे बघायला?' विचारणाऱ्याचा सूर बहुतेक वेळा आपुलकीचाच असतो. आणि ही काही एकट्या आपल्या देशाची रीत नाही. जोसलिन बेल यांना १९६७ साली रेडिओ दुर्बिणीच्या कागदी पट्ट्यांवर पहिल्या पल्सारची, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ लहरींचे ठोके देणाऱ्या ताऱ्याची, खूण दिसली, तेव्हा त्या पीएच.डी.च्या विद्यार्थिनी होत्या. त्यांनीच सांगितलंय की पत्रकार त्यांच्या मार्गदर्शकांना शोधाचा अर्थ विचारत आणि बेलबाईंना बॉयफ्रेंड किती ते विचारत. १९७४ चं नोबेल मार्गदर्शक अँटनी ह्युइश आणि मार्टिन राइल यांना मिळालं. आज खोडदच्या तबकड्या ज्या पल्सारांचा मागोवा घेतात त्या शास्त्राची सुरुवात त्या मुलीच्या नजरेतून झाली.

वरच्या खुर्च्यांबद्दल थोडक्यात सांगते. आपल्या पाषाणची एनसीएल ही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ज्या सीएसआयआरची, म्हणजे देशभर प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरकारी परिषदेची आहे, ती सीएसआयआर १९४२ ची. तिच्या महासंचालकपदी पहिली स्त्री, एन. कलैसेल्वी, आल्या २०२२ मध्ये.

पण पदव्या घेतलेल्यांबद्दलच बोलत राहिलं तर निम्मी गोष्ट सुटते. सध्या मी चाकणला एका वायरिंगच्या कारखान्यात क्वालिटी बघते. लाइनवर जवळजवळ सगळ्या मुली. खेड, जुन्नर, पारनेरकडून आलेल्या, कुणी बारावी सायन्स, कुणी आयटीआय. तार कापायची, तिच्या टोकाला धातूचा टर्मिनल दाबून बसवायचा, म्हणजे क्रिंप करायचा, कनेक्टरमध्ये बसवायचा, 'टिक्' ऐकू आली की ओढून बघायचं. या कामाला मुलीच का, असं विचारलं की कौतुकानं सांगतात, "त्यांचा हात हलका असतो, बोटं नाजूक, चिकाटी भारी." खरंच असतं तसं. पण याच हलक्या हाताला स्पॅनर द्यायचा नाही, असंही त्याच कौतुकात ठरून गेलेलं असतं.

क्रिंपिंग मशीनवर बसणाऱ्या मुलीला मशीनचा आवाज पाठ असतो. टर्मिनल दाबणारा साचा, म्हणजे डाय, झिजायला लागली की ठोका जरा बोदा पडतो, हे तिला मीटरच्या आधी कळतं. एकदा माझ्यासमोर एक मुलगी थांबली, कानाशी हात नेला आणि म्हणाली, "मॅडम, हिचा आवाज बदललाय." मी क्रिंपची उंची मायक्रोमीटरनं मोजली. मर्यादेच्या आतच होती, पण अगदी काठावर. तिनं मेंटेनन्सला सांगितलं आणि फिटर येईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहिली. फिटर आला. तिच्याच वयाचा, तिच्याच तालुक्यातला, तिच्यासारखाच आयटीआय झालेला. त्यानं डाय बदलली, सेटिंग केलं आणि निघून गेला. त्याचा पगार तिच्यापेक्षा जास्त आहे, आणि काही वर्षांत तो सुपरवायझर होईल. मी तिला विचारलं, "तुला येईल का हे बदलायला?" ती म्हणाली, "येतं की. बघून बघून आलंय. पण हात लावायची परवानगी नाही."

परवानगी का नाही म्हणून मी चौकशी केली. लेखी नियम कुठंच नाही. "ग्रीस लागतं, वजन असतं, बोट सापडलं तर? उद्या लग्न व्हायचंय मुलीचं." पुन्हा तेच. बोट त्या फिटरचंही सापडू शकतं. म्हणून तर त्याला ट्रेनिंग दिलं, लॉकआउट, म्हणजे काम करताना मशीन चुकून चालू होऊ नये म्हणून कुलूप लावणं, शिकवलं, हातमोजे दिले. त्याच्या बाबतीत धोका दिसला तेव्हा त्याला तयार केलं गेलं. तिच्या बाबतीत तिला बाजूला केलं गेलं.

उपाय नाहीत असं नाही. हबल दुर्बिणीवर वेळ मिळावा म्हणून जगभरचे खगोलशास्त्रज्ञ अर्ज करतात. तिथं वर्षानुवर्षं पुरुषांच्या अर्जांना थोडं जास्त यश मिळत होतं. २०१८ मध्ये अर्जांवरची नावं परीक्षकांपासून लपवली आणि त्या फेरीत स्त्रियांच्या अर्जांचं यशाचं प्रमाण पुरुषांपेक्षा किंचित पुढे गेलं. इतका साधा उपाय. जिथं कागद पाहून निवड होते तिथं तो लगेच करावा: कॉलेजांतल्या प्रोजेक्टच्या निवडी, फेलोशिप, अर्जांची पहिली चाळणी. पण शॉपमध्ये नाव लपवता येत नाही, माणूस समोर उभा असतो. तिथं मला एकच गोष्ट कामाची वाटते. ठरवण्याआधी तिला विचारायचं, आणि विचारलं होतं हे लिहून ठेवायचं.

आमच्याकडे आता साइट व्हिजिटच्या तक्त्यात एक रकाना वाढवला आहे: कुणाकुणाला विचारलं आणि कोण काय म्हणालं. हा रकाना यावा म्हणून मला बरंच बोलावं लागलं. आल्यावर दिसलं की बायका सरसकट नाही म्हणत नाहीत आणि सरसकट होही म्हणत नाहीत. एकीनं सासऱ्यांच्या ऑपरेशनमुळे त्या महिन्यात नको म्हणून सांगितलं, पुढच्या महिन्यात स्वतः येऊन नाव दिलं. दुसरी म्हणाली, गाडी दिवसाची द्या आणि तिथल्या बाथरूमला आतून कडी आहे का तेवढं बघा. गिऱ्हाइकाला फोन केला. कडी नव्हती, त्यांनी बसवून घेतली. तिच्याऐवजी दुसऱ्याला परस्पर पाठवलं असतं तर त्या कारखान्यातल्या बायकांनाही ती कडी मिळाली नसती.

लाइनवरच्या मुलींना डाय बदलायचं आणि मशीन सेटिंगचं ट्रेनिंग द्यावं, असा प्रस्ताव मी दिला आहे, आणि ट्रेनिंग झालेल्यांना फिटरच्या ग्रेडमध्ये घ्यावं हेही त्यात लिहिलं आहे. मीटिंगमध्ये पहिला प्रश्न आला, "त्यांच्या घरचे काय म्हणतील?" मी म्हटलं, आधी मुली काय म्हणतात ते विचारू या. दुसरा प्रश्न ग्रेडचा होता, म्हणजे पैशांचा, आणि त्यावर अजून चर्चा अडकली आहे. पहिली बॅच जूनमध्ये घ्यायची एवढं ठरलंय. नावं द्यायला सांगणारी नोटीस कॅंटीनच्या फळ्यावर लागली आहे, आणि आवाज बदलल्याचं सांगणाऱ्या त्या मुलीनं नाव नोंदवताना मला विचारलं की रात्रपाळीतल्या मुलींना ट्रेनिंग कधी मिळणार. ते अजून ठरवायचं राहिलंय.